मुखड्याला शब्दच नाहीत!

परवा एका मित्राशी फोनवर जुंपली. मी त्याला पीएफएम या इटालियन रॉक बँडचा पहिला अल्बम पाठवला होता, 'स्तोरिया दी उन मिनुतो', १९७२ चा, आणि दोन गाणी ऐकून साहेबांचा निकाल आला, "अरे ही तर किंग क्रिम्झनची इटालियन झेरॉक्स!" (क्रिम्झन म्हणजे इंग्लंडचा गाजलेला रॉक बँड.) डोकंच फिरलं. म्हटलं थांब, लिहूनच काढतो. लांबड लागणार आहे, चहा घेऊन बसा.

त्याचं खरं आहे तेवढं आधी मान्य करून टाकतो. ही पीएफएमची मंडळी स्टेजवर क्रिम्झन आणि जेथ्रो टल (हाही इंग्लिश बँड) यांची गाणी वाजवायचीच, त्यात लपवाछपवी नव्हती. मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारा कीबोर्ड), फ्लूट, सगळं शांत शांत आणि मग धाडकन ड्रम, ही चव तिकडचीच. पण ही काय कॉलेजच्या गॅदरिंगमधली पोरं नव्हती हो. यातले बरेचसे आधी 'क्वेल्ली' नावाच्या बँडमध्ये होते आणि दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर वाजवून वाजवून हात बसला होता, इटलीचा मोठा गायक लुचियो बात्तिस्तीसाठी वाजवलं, १९७० मध्ये तिथलाच दुसरा मोठा गायक फाब्रित्सियो दे आन्द्रेच्या 'ला बुओना नोवेल्ला' अल्बमवर वाजवलं. गाणाऱ्याच्या मागे कधी गप्प बसायचं हे ज्याला कळतं ना, त्याच्याकडून असा अल्बम होतो. (पीएफएम हे नाव एका बेकरीवरून घेतलंय, प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी, म्हणजे 'बक्षीसपात्र मार्कोनी बेकरी'. आपल्याकडे चिवड्याच्या दुकानावर 'सुवर्णपदकप्राप्त' लिहितात, अगदी तसलं. मला हे फार आवडतं.)

आता मुद्दा. याच अल्बममधलं गाणं, 'इम्प्रेसियोनी दी सेत्तेम्ब्रे'. संगीत गिटारवाल्या फ्रांको मुसिदाचं, शब्द गीतकार मोगोल आणि बँडमधल्याच माउरो पागानीचे. सप्टेंबरातली पहाट, आजूबाजूला दव, धुकं, सूर्याचा पत्ता नाही, ओल्या मातीचा वास, एक घोडा गवताकडे मान लांब करून उभा, गाण्यातला माणूस एक पाऊल पुढे टाकतो तर घोडा पळून जातो. एवढंच. मुसिदा गातो पण असं दबक्या आवाजात, मागे गिटार, आणि तुम्ही वाट बघताय की आता मुखडा येणार, आता सगळे मिळून काहीतरी मोठं गाणार. आणि येतो काय, तर मूग सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड! शब्दच नाहीत. बँडचा कीबोर्डवाला फ्लावियो प्रेमोली एक धून वाजवतो आणि तोच मुखडा. तेव्हा हे वाद्य इटलीत कुणी धड पाहिलेलंही नव्हतं, आणि यांनी ते सजावटीला न वापरता गाण्याची सगळ्यात महत्त्वाची जागाच त्याला देऊन टाकली.

आपण मराठी माणसं शब्दांवर जीव टाकणारी, भावगीत म्हटलं की पहिली ओळ आठवते आणि मग चाल. म्हणून मला पहिल्यांदा ऐकताना चक्क फसवल्यासारखं वाटलं होतं. इटालियन तर मला ओ की ठो कळत नव्हतं, अर्थ नंतर शोधला, आणि अर्थ कळल्यावर काटा आला, कारण तो माणूस पुढे म्हणतो की मी आत्ता काय आहे मलाच माहीत नाही, स्वतःलाच शोधतोय. मग ज्याला स्वतःचाच पत्ता नाही तो मुखड्यात गाणार तरी काय? सांगा ना, क्रिम्झनच्या कुठल्या गाण्याची झेरॉक्स आहे ही?

'ए फेस्ता' तर सरळ जत्रा आहे, तारांतेल्ला या इटालियन लोकनृत्यासारखी गरगर फिरणारी चाल, लंडनच्या पोरांना सुचलीच नसती. 'दोवे... क्वांदो...'चे दोन भाग सलग ऐकायचे, पहिला नाजूक प्रेमगीत, दुसऱ्यात शब्द गायब आणि पियानो, फ्लूट, व्हायोलिन चर्चपासून जॅझपर्यंत कुठेही भटकून येतात. 'ला कारोत्सा दी हान्स'ने तर अल्बमच्या आधीच, १९७१ मध्ये, इटलीतल्या विआरेज्यो गावच्या संगीत फेस्टिव्हलला बक्षीस मारलं होतं. त्यातला अकूस्टिक गिटारचा तुकडा रात्री हेडफोनवर ऐका, बाकी बोलत नाही.

आणि आता मित्रा तुझ्यासाठी खास. पुढे ग्रेग लेकमुळे हे लोक त्याच्या ईएलपी (इमर्सन, लेक अँड पामर) या इंग्लिश बँडच्या मँटिकोर लेबलवर गेले, १९७३ मध्ये 'फोटोज ऑफ घोस्ट्स' अल्बम आला, 'ए फेस्ता'चं 'सेलिब्रेशन' झालं. इंग्रजी शब्द कोणी लिहिले? पीट सिनफील्डने. क्रिम्झनचा गीतकार! म्हणजे ओरिजिनलवालाच झेरॉक्सच्या दुकानात कामाला आला की रे. १९७४ मध्ये 'इम्प्रेसियोनी'लाही इंग्रजी कपडे चढवले, 'द वर्ल्ड बिकेम द वर्ल्ड' म्हणून. वाईट नाहीये, पण धुकं गेलं, घोडा गेला. मूग मात्र तस्साच, त्याला भाषांतराची गरजच नव्हती.

हां, शेवटचं 'ग्रात्सिए दाव्वेरो' मला आजही झेपत नाही, उगाच फुगवल्यासारखं वाटतं, मी बऱ्याचदा त्याच्या आधीच थांबतो. कोणाला आवडत असेल तर कमेंटमध्ये या, भांडू.