नेत्याच्या विकिपीडिया पानावर ‘ज्याची माणसं जास्त त्याचं खरं’ चालत नाही

निवडणुका जवळ आल्या की एक संदेश हमखास फिरू लागतो. आशय असा: नेत्याच्या विकिपीडिया पानावरची खरी माहिती पैसे घेऊन काढली जाते, पानाला लावलेलं कुलूप (म्हणजे कोण बदल करू शकतं यावरचं बंधन) हाच त्याचा पुरावा आहे, निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र दाखवलं तरी तिथले लोक ऐकत नाहीत, म्हणून पंचवीस-तीस जणांनी ठरवून एकाच वेळी बदल करावा, तो टिकतो. पक्षागणिक नेत्याचं नाव बदलतं, बाकी मजकूर तोच. आता एकेक मुद्दा घेऊ. खाली दिलेले आकडे इंग्रजी विकिपीडियाचे आहेत, कारण अशी भांडणं तिथे सर्वाधिक होतात. मराठी विकिपीडिया २००३ पासूनचा स्वतंत्र प्रकल्प आहे. त्याचे प्रचालक (पानाला कुलूप लावण्याचा आणि खातं बंद करण्याचा अधिकार असलेले सदस्य) वेगळे आणि नियमांचे काही तपशीलही वेगळे.

‘कुलूप लावलं म्हणजे पान विकलं गेलं’

कुलूप कुणाच्या बाजूने लावलं जात नाही, संपादनाची मारामारी किंवा नासधूस थांबवायला लावलं जातं. त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिल्या पायरीत किमान चार दिवस जुनं आणि दहा संपादनं झालेलं खातं लागतं. त्यावरच्या पायरीत तीस दिवस आणि पाचशे संपादनं. पूर्ण कुलूप असेल तर फक्त प्रचालक बदल करू शकतात, आणि तेही चर्चेत सहमती झाल्यावर. यातली पहिली पायरी डिसेंबर २००५ मध्ये आली. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या पानावर तेव्हा सतत नासधूस चालू होती आणि पूर्ण कुलूप घातलं तर प्रामाणिक संपादकही बाहेर अडकत होते.

कुलूप लागतं तेव्हा समोर जी आवृत्ती असेल तीच गोठते. ती बरोबर आहे असा निर्वाळा त्यात नसतो. अपवाद जिवंत व्यक्तीबद्दलच्या बिनसंदर्भ बदनामीचा, ती आधी काढतात. कुलूप कोणी, कधी, किती काळासाठी आणि काय कारण देऊन लावलं, याची नोंद सार्वजनिक असते. पानाच्या ‘इतिहास’ विभागातून ती कुणालाही उघडता येते. संदेश पुढे पाठवण्याआधी एवढं तरी बघावं.

पक्षाची माणसं या पानांना हात लावत नाहीत, असं मात्र मुळीच नाही. अमेरिकेत मार्टी मीहान या खासदारांच्या कार्यालयाने त्यांचं पूर्ण चरित्र काढून स्वतः लिहिलेलं चरित्र तिथे टाकलं होतं. चारच कार्यकाळ लढवण्याचं त्यांचं मोडलेलं वचन त्यात गळलं होतं. हे २००६ च्या जानेवारीत उघड झालं. आपल्याकडे जून २०१५ मध्ये नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरच्या, म्हणजे केंद्र सरकारच्याच जाळ्यावरून नेहरू घराण्याच्या पानांवर त्यांचे पूर्वज मुस्लिम असल्याचा मजकूर घालण्यात आला. दोन्ही ठिकाणी बिंग फुटलं ते पानाच्या इतिहासामुळे. तिथे प्रत्येक बदल तारीख-वेळेसह राहतो. फक्त एक लक्षात ठेवायचं. इतिहासात तेव्हा दिसणाऱ्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, जाळं कळतं, संगणकापुढे कोण बसलं होतं ते कळत नाही. पैसे घेऊन लिहायला सरसकट बंदी नाही, पण जून २०१४ पासून वापराच्या अटींनुसार पैसे कोण देतं आणि ग्राहक कोण हे जाहीर करावंच लागतं. लपवलं तर खातं बंद होऊ शकतं.

‘सगळ्यांनी एकदम बदल केला की टिकतो’

उलट, असा बदल सगळ्यांत लवकर पडतो. एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं काम उलटवलं तर खात्यावर बंदी येऊ शकते. त्यात अर्धवट उलटवणं मोजलं जातं आणि प्रत्येक वेळी वेगळं वाक्य असलं तरीही मोजलं जातं. तीनची मुभा आहे असा याचा अर्थ नाही, दोनदा उलटवूनही भांडण चालू ठेवल्याबद्दल बंदी आलेली असते. स्पष्ट नासधूस किंवा जिवंत व्यक्तीची बिनसंदर्भ बदनामी काढणं अशा मोजक्याच गोष्टी या मोजणीतून सुटतात.

मग ‘आम्ही तीस जण आहोत, प्रत्येकी एकदाच करू’ असा विचार होतो. ग्रुपवरून बोलावून आणलेली खाती एकच मजकूर घालू लागली, की त्यांना एकाच माणसासारखं धरलं जातं. कालच उघडलेली, दुसरं एकही संपादन नसलेली, एकाच पानावर उतरलेली खाती इतिहासात शेजारी-शेजारी दिसतात, त्यासाठी हेरगिरी लागत नाही. खरोखर एकच माणूस अनेक खाती चालवत असल्याचा संशय असेल तर मोजक्या अधिकारप्राप्त सदस्यांना तांत्रिक नोंदी तपासता येतात. त्या सुमारे तीन महिने जपल्या जातात. आणि या गर्दीचा परिणाम काय? ज्या कुलपाविरुद्ध संदेश फिरतो, तेच कुलूप पानाला लागतं.

चर्चेत तरी हात वर करून निर्णय होतो का? नाही. मोठ्या वादावर मत मागवणारी चर्चा साधारण तीस दिवस चालते आणि शेवटी वादात नसलेला अनुभवी संपादक ती मिटवतो. तो धोरणाला धरून असलेले युक्तिवाद तोलतो. ‘सहमत’ एवढंच लिहिलेल्या वीस सह्यांना फारसं वजन मिळत नाही.

‘प्रतिज्ञापत्र सरकारी कागद आहे, तरी काढतात’

संदेशातला हा सगळ्यांत पटणारा मुद्दा, म्हणून त्यावर थांबायला हवं. उमेदवार नमुना २६ मध्ये शपथेवर माहिती देतो. प्रलंबित फौजदारी खटले एका भागात, शिक्षा झालेली प्रकरणं वेगळ्या भागात. कागद अस्सल असतो, यात वाद नाही. वाद त्यातून वाक्य कोण तयार करतं याचा आहे. जिवंत व्यक्तींच्या चरित्राचं धोरण सांगतं की न्यायालयाच्या नोंदी आणि तत्सम सार्वजनिक कागद थेट आधार म्हणून घेऊन त्या व्यक्तीबद्दल विधान करू नये. स्वतंत्र, विश्वासार्ह माध्यमाने त्या प्रकरणाची दखल घेतलेली असावी.

कारण अगदी व्यावहारिक आहे. प्रतिज्ञापत्रातल्या ‘सात प्रलंबित खटले’ या आकड्यात बंदी मोडून काढलेला मोर्चा आणि फसवणुकीचं आरोपपत्र एकाच ओळीत उभे राहतात. गुन्हा दाखल होणं, आरोपपत्र दाखल होणं, न्यायालयाने दोषारोप निश्चित करणं आणि दोषी ठरणं या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. नवखा संपादक पहिल्या पायरीवरून चौथीवर उडी मारतो आणि ‘गुन्हेगार राजकारणी’ असा वर्ग (पानाच्या तळाशी दिसणारी वर्गवारी) पानाला जोडतो. त्याचं संपादन पडतं ते इथे.

आणखी एक फसगत. सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रलंबित खटले असलेल्या उमेदवाराला ती माहिती वर्तमानपत्रात तीनदा प्रसिद्ध करावी लागते. त्या कात्रणाचा फोटो ‘वर्तमानपत्राचा संदर्भ’ म्हणून दिला जातो. ती उमेदवाराने दिलेली जाहिरात असते, वार्ताहराने तपासून दिलेली बातमी नव्हे.

शब्दांची काळजी किती घ्यावी लागते ते राहुल गांधींच्या प्रकरणात दिसतं. २३ मार्च २०२३ रोजी सुरतच्या न्यायालयाने मानहानीच्या खटल्यात त्यांना दोन वर्षांची शिक्षा दिली, दुसऱ्या दिवशी खासदारकी गेली. ४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली, ७ ऑगस्टला खासदारकी परत मिळाली. ४ ऑगस्टनंतर ‘ते दोषी आहेत’ एवढंच लिहिणं अपुरं आणि दिशाभूल करणारं, ‘ते निर्दोष सुटले’ हे तर चूकच. टिकणारं वाक्य एकच: कोणत्या न्यायालयाने, कोणत्या तारखेला, काय केलं. समर्थक आणि विरोधक दोघांनाही ते कोरडं वाटतं, तरी तेच लिहायला हवं.

नेत्याला आवडत नाही म्हणून आरोप गाळावा, असंही धोरण म्हणत नाही. सार्वजनिक व्यक्तीवरचा आरोप लक्षणीय असेल आणि अनेक विश्वासार्ह माध्यमांनी त्याची नोंद घेतली असेल तर तो पानात यायलाच हवा, त्याने तो नाकारला असेल तर त्या नकारासह.

‘पेपरात छापून आलं, आणखी काय पाहिजे?’

पेपराने माहिती कुठून घेतली, हे पाहिजे. फेब्रुवारी २००९ मध्ये जर्मनीत कार्ल-थिओडोर त्सु गुटेनबर्ग अर्थमंत्री होणार होते. त्यांच्या भल्यामोठ्या नावांच्या रांगेत कुणीतरी विकिपीडियावर ‘विल्हेल्म’ हे खोटं नाव घुसवलं. ‘बिल्ड’ हे वृत्तपत्र आणि ‘श्पीगल’ या साप्ताहिकाचं संकेतस्थळ यांच्यासह अनेकांनी ते तसंच उचललं. मग विकिपीडियावर शंका निघाली, तेव्हा त्याच बातम्या पुरावा म्हणून पुढे आल्या. म्हणून जन्मतारीख, शिक्षण, पदवी अशा बाबतीत बातमीची तारीख आणि पानात तो मजकूर आल्याची तारीख ताडून बघावी. बातमी नंतरची असेल तर ती आधार म्हणून कच्ची. मराठी विकिपीडियावर तर हे अधिकच गरजेचं, कारण लक्ष ठेवणारे हात कमी आणि चूक जास्त दिवस टिकते.

‘प्रचालकांना कुणी विचारत नाही’

विचारतात. एप्रिल २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या निवडणुकीच्या तोंडावर एका प्रचालकाने हुजूर पक्षाचे तेव्हाचे सहअध्यक्ष ग्रँट शॅप्स यांच्याशी संबंध असल्याच्या संशयावरून एक खातं बंद केलं. जूनमध्ये विकिपीडियाच्या लवाद समितीने तो संबंध सिद्ध होत नसल्याचं ठरवलं आणि त्या प्रचालकाचा खाती तपासण्याचा अधिकार काढून घेतला.

कुलूप असलेल्या पानावरची चूक खरंच दुरुस्त करायची असेल तर त्या पानाला जोडलेल्या चर्चा पानावर जा आणि संपादन विनंती टाका. विनंतीत चार गोष्टी द्या: कोणत्या विभागातलं कोणतं वाक्य, जसंच्या तसं; त्याऐवजी हवं असलेलं नेमकं वाक्य; संदर्भाचं नाव, तारीख, पान किंवा दुवा; आणि आपला त्या नेत्याशी, पक्षाशी किंवा प्रचारयंत्रणेशी संबंध असेल तर तो. ‘हे सगळं खोटं आहे, काढा’ अशी विनंती फेटाळली जाते, कारण तिच्यावरून काय बदलायचं तेच कळत नाही. एका विनंतीत एकच बदल मागा. पाच एकत्र मागितले तर वादग्रस्त एकापायी निर्विवाद चारही लटकतात.