पिवळ्या रेघेचा बळी

आमचा सर्व्हर एक्सप्रेस या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कवर चालतो. त्यात कुठेही काही फुटलं, की ते निस्तरायला एकच ग्लोबल एरर हँडलर (चुका हाताळणारं फंक्शन) आहे. होता. परवा त्यातला ‘नेक्स्ट’ (काम पुढच्या फंक्शनकडे ढकलणारा) हा चौथा आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनच्या कंसातलं चौथं नाव, कोणीतरी उडवला आणि ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’ऐवजी युजरला अख्खा स्टॅक ट्रेस, म्हणजे कोड कुठून कुठे जाऊन फुटला त्याची यादी, दिसला, फाइलींच्या पाथसकट. (सर्व्हरला तू प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या युजरसमोर, आहेस हे कोणी सांगितलंच नव्हतं, ती रड वेगळी.) मोबाइल ॲपला जेसन या डेटाच्या साच्याऐवजी वेबपानाचं एचटीएमएल मिळालं आणि ते पहिल्याच चिन्हाला ठेचकाळून आडवं झालं. फाइलीवर नाव माझं, त्यामुळे फोनही मलाच.

‘कोणीतरी’ म्हणजे आमचे सर. लिंटरची, म्हणजे कोडमधल्या खोड्या काढणाऱ्या प्रोग्रॅमची, पिवळी रेघ दिसली की त्यांना जेवण जात नाही.

“सर, नेक्स्ट का काढलात?”

“वापरतोस का तो?”

“नाही.”

“मग?”

“एक्सप्रेस आर्ग्युमेंट मोजतं, सर. चार असले तरच एरर हँडलर. तीन असले की साधं मिडलवेअर, रिक्वेस्ट वाटेत हाताळणारं नेहमीचं फंक्शन.”

“अरे, फंक्शनचं नावच ग्लोबल एरर हँडलर आहे! एवढं ढळढळीत!”

“नाव वाचत नाही ते. मोजतं.”

सर खुर्चीत मागे रेलले. “म्हणजे कुणीतरी मोजतंय म्हणून बिनकामाची वस्तू ठेवायची?”

“हो.”

“आणि हे तुला पटतं?”

जणू एक्सप्रेस मीच लिहिलंय! मी त्यांना पुढची गंमत सांगितली. खऱ्या एरर आता या फंक्शनला वळसा घालून जातात. उलट कुठलाच राउट (पत्त्याला जोडलेला कोड) न सापडलेली साधी रिक्वेस्ट इथे येते, तिलाच हे ‘एरर’ समजतं, रिस्पॉन्सच्या जागी नेक्स्ट येऊन बसतो, त्याला स्टेटस विचारलं की तो कोसळतो. एरर सांभाळणाराच एरर फेकतो.

सर शांतपणे म्हणाले, “पण टेस्ट तर सगळ्या पास झाल्या.”

झाल्याच! कारण काही बिघडलं तर काय होईल, याच्या टेस्टना या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या या टप्प्यात, वेळ नाही, असं ठरवणारे सरच. हेच सर एकदा म्हणाले होते, एरर आली तरी 200च (‘सगळं ठीक’चा कोड) पाठवत जा, क्लायंट घाबरत नाही. तसं केलं. मॉनिटरिंगचा आलेख हिरवागार आणि सपोर्टवाल्यांचा फोन खाली ठेवायची सोय नाही.

एक्सप्रेस 4 मध्ये असिंक राउटमधला, म्हणजे उत्तराची वाट बघणाऱ्या राउटमधला, नाकारलेला प्रॉमिस (फसलेलं काम) हँडलरपर्यंत आपण होऊन पोचतच नाही; नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) 15 पासून तर तो न पकडल्यास अख्खी प्रोसेसच आडवी होते. म्हणून प्रत्येक राउटला हाताने वेष्टण घालत बसायचं. एक्सप्रेस 5 ते स्वतः करतं, 2024 मध्ये आलंही. अपग्रेडचं तिकीट बॅकलॉगमध्ये, म्हणजे राहिलेल्या कामांच्या यादीत, आहे. तिथे काय काय आहे, ते कुणी विचारू नये.

मी म्हटलं, “नेक्स्टच्या आधी अंडरस्कोअर (‘_’) लावतो आणि अशा नावांकडे दुर्लक्ष कर, असं लिंटरला सांगतो.”

“अंडरस्कोअर बरा दिसत नाही रे.”

शेवटी लावला त्यांनीच. त्यांनीच काढलेला नेक्स्ट त्यांनीच परत ठेवला, ‘क्रिटिकल हॉटफिक्स’ या शीर्षकाखाली. सोमवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजरबाईंनी रात्री उशिरापर्यंत थांबल्याबद्दल सरांचे जाहीर आभार मानले. रात्रभर फोन उचलत होतो मी. मग बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हे पुन्हा होऊ नये म्हणून टेस्ट लिहायचं तू बघतोस ना?”