धागेदोरे कुणाला दिसतात?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मॅचिंग सेंटर आहे. रात्री नऊला वहिनी अर्धं शटर ओढतात आणि आत हिशेबाला बसतात. बाहेरच्या दोन पायऱ्या मग आमच्या. परवा तिथे झालेला वाद मला लिहून ठेवावासा वाटला, कारण चहावाला कप उचलून घेऊन गेला तरी कुणी उठलं नव्हतं.

निमित्त एका पुस्तकाचं. माझी मिनेसोटातली मावसबहीण दिवाळीला आली होती, तिने जाताना ठेवलं. मोनिका फेरिस यांची ‘क्रुएल वर्ल्ड’, १९९९ सालची कादंबरी. मिनेटोंका तळ्याकाठी एक्सेल्सियर नावाचं लहानसं गाव आहे, खरोखरचं. तिथे मार्गोचं भरतकामाच्या सामानाचं दुकान. तिची बहीण बेट्सी विस्कटलेला संसार मागे टाकून तिच्याकडे येते, आणि थोड्याच दिवसांत दुकानातच मार्गोचा खून होतो. चोरी करताना कुणीतरी मारलं असावं, असं वरवर दिसतं. बेट्सीला ते पटत नाही. ती दुकान चालू ठेवते आणि गिऱ्हाइकांशी बोलता बोलता माग काढते. रक्तपात डोळ्यांसमोर नाही, शिवीगाळ नाही, तपास करणारी बाई पोलिसातली नाही, आणि पुस्तकात भरतकामाचा नमुनाही दिलेला. अमेरिकेत या जातीच्या रहस्यकथांना ‘कोझी’ म्हणतात.

प्रत एकच. दोन महिन्यांत ती चार हातांतून फिरली.

“मला नाही आवडलं,” नानांनी सुरुवातच केली. नाना अर्नाळकरांवर वाढलेले; झुंजार आणि काळा पहाड त्यांनी दहा-दहा वेळा वाचलेले. “सख्खी बहीण मेली. आणि ही बाई लोकरीची लडी कितीला विकायची ते शिकते! मरणाला काही वजन आहे की नाही?”

बंड्याची तक्रार वेगळी. “नावातच गंमत आहे म्हणतात, मला ती कळली नाही.”

ती मास्तरांनी सांगितली. इंग्रजीत निर्दय या अर्थाचा क्रुएल आणि भरतकामातला क्रुएल, उच्चार एकच, स्पेलिंग निराळं. कापडावर लोकरीच्या धाग्याने केलेलं भरतकाम म्हणजे क्रुएल. आतून वहिनी म्हणाल्या, “काश्मिरी पडदे येतात ना, लोकरीच्या साखळी टाक्याचे? त्यालाही क्रुएलच म्हणतात. आरीने करतात ते.” मास्तरांनी आणखी एक भर घातली. फ्रान्समधलं बायोचं ते प्रसिद्ध चित्रवस्त्र, जवळजवळ सत्तर मीटर लांब, सगळे त्याला टॅपेस्ट्री म्हणतात, पण ते विणलेलं नाहीच. तागाच्या कापडावर लोकरीने भरलेलं आहे. नऊशे वर्षांहून जुनं. एका लढाईची सगळी हकीकत सुईने लिहिलेली.

“ते ठीक,” नाना म्हणाले, “पण खुनाशी त्याचा काय संबंध? भरतकामाच्या जागी लोणच्याचं दुकान टाकलं असतं तरी गोष्ट तीच राहिली असती.”

इथे मला राहवलं नाही. नानांचा पहिला मुद्दा मला मान्य आहे. मार्गोचं जाणं लेखिकेने फार लवकर आवरतं घेतलंय, मलाही ते टोचलं. पण हा दुसरा मुद्दा मला मुळीच मान्य नाही.

आई गेली तेव्हा दादाचा स्वेटर सुयांवर होता. पाठीचा भाग अर्धा झालेला. तीच लोकर, त्याच दहा नंबरच्या सुया, उरलेला मी विणला. आईचा हात घट्ट, माझा सैल. दादा तो स्वेटर घालतो तेव्हा पाठीवर आडवी रेघ दिसते. धुतला, वाफ दिली, रेघ गेली नाही. कुणी काही सांगितलेलं नसताना माझ्या मामीने एकदा तिथे बोट ठेवलं आणि म्हणाली, “इथपर्यंत ताईचं.” नाना, हाताचा ठसा याहून वेगळा काय असतो?

नाना काही बोलले नाहीत. मास्तर बोलले, आणि त्यांचं म्हणणं मला आजही पूर्ण खोडता आलेलं नाही. “तुझं खरं आहे. पण रहस्यकथेचा एक करार असतो. तपास करणाऱ्याला जे दिसतं ते वाचकालाही दिसलं पाहिजे. टाक्यावरून खुनी ओळखायचा असेल, तर ज्याने आयुष्यात सुई धरली नाही तो वाचक कुठे जाणार? त्याच्यावर हा अन्याय नाही का?”

मी म्हटलं, मास्तर, विषावरच्या कथा तुम्ही किती वाचल्या असतील! अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या इस्पितळात औषधं बनवून द्यायच्या कामावर होत्या, तिथे त्यांना विषांची ओळख झाली. कुठलं विष किती वेळात चढतं, ते आपल्याला कुठे ठाऊक होतं? लेखिकेने सांगितलं, आपण शिकलो, आणि त्याला आपण शास्त्र म्हटलं. सिगारेटच्या राखेवरून माणूस ओळखला की तो हुशार. टाक्यावरून ओळखला की म्हणायचं, बायकांचा वेळ घालवायचा उद्योग. आईने चाळीस वर्षं जे हातात मुरवलं ते ज्ञान नव्हतं का? मला या जातीची पुस्तकं आवडतात ती एवढ्याचसाठी. त्यांत हे ज्ञान साक्षीला उभं राहतं आणि त्याचं म्हणणं ऐकून घेतलं जातं.

“ख्रिस्तीबाईंची ती म्हातारी गुप्तहेर, मिस मार्पल, तीही विणतच असते की,” बंड्या म्हणाला.

विणते. पण तिथे विणकाम हा बहुतेक वेळा आडोसा असतो. म्हातारी सुया चालवत बसलीय, म्हणून तिच्यासमोर कुणी तोंड सांभाळत नाही. लोकर स्वतः काही बोलत नाही. फेरिसबाईंच्या दुसऱ्या पुस्तकात ती बोलते. तळ्यातून जुनी बुडालेली बोट वर काढतात, आत सांगाडा सापडतो आणि हाताशी असतो लेससारखा एक तुकडा. तो ओळखायला भरतकाम जाणणारीच लागते. नाना, तिथे लोणच्याचं दुकान चालणार नाही. (बोटीचं प्रकरण अगदीच हवेतलं नाही. मिनेटोंका तळ्यात १९२६ साली बुडवून टाकलेली मिनेहाहा नावाची बोट १९८० साली खरंच वर काढली, आणि दुरुस्त होऊन १९९६ पासून ती पुन्हा पाण्यावर धावली.) फेरिसबाईंची ही मालिका २०१६ पर्यंत एकोणीस पुस्तकं चालली. त्यातली सगळी सारखी चांगली असतील असं मी म्हणत नाही. पहिल्यात भरतकाम दुकानाच्या फळ्यांवरच जास्त आहे, तपासात कमी. मास्तर तेवढ्यापुरते बरोबर आहेत.

तेवढ्यात बंड्याला सुचलं. “पण आपल्या पेपरात काय छापतात? खुनाचे धागेदोरे सापडले!”

मास्तर एकदम सरसावून बसले. रहस्याची उकल, प्रकरणातला गुंता, गाठ सुटणं, सगळं सुताचंच. इंग्रजीतला ‘क्लू’ हा शब्दसुद्धा मुळात सुताचा गुंडा. चक्रव्यूहातून बाहेर यायला धरून ठेवायचा तो. मग येवल्याच्या पैठणीवर अशी कादंबरी मराठीत का नाही, यावर बराच वेळ गेला. हातमागाची खरी पैठणी उलट बाजूने पाहिली तरी नक्षी तितकीच स्वच्छ दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. एवढ्यावरून पहिलं प्रकरण उभं राहील, असं मास्तरांचं मत. मला तर ते आजच वाचायला हवं होतं.

नाना मात्र तिथेच अडून. “तुम्ही बोलताय छान. पण टाक्यावरून माणूस ओळखता येतो हे मला कुणी दाखवलेलं नाही.”

वहिनी वही मिटून बाहेर आल्या. हातात दोन साड्या. फॉल-पिकोसाठी त्या दोन बायकांना काम देतात, वीसेक वर्षं त्याच दोघी. “आज दोघींकडून एकेक आली. एकीचा टाका तिरपा पडतो, सुई ओढताना ती मनगट वळवते. दुसरीचा सरळ, पण तिसऱ्या-चौथ्या टाक्याला दोरा थोडा जास्त खेचते, तिथे फॉल बारीकसा चुरगळतो. मी चिठ्ठी कधीच लावत नाही.” त्यांनी दोन्ही साड्या नानांच्या मांडीवर ठेवल्या. “तिरप्या टाक्याची कुठली, सांगा.”

नानांनी चष्मा पुसला. पहिली साडी दुकानाच्या ट्यूबलाइटखाली धरून वरून पाहिली, काठावरून बोट फिरवलं. काही दिसलं नसावं. दुसरी घेतली. तीही तशीच पाहिली. मग कुणी न सांगता त्यांनी साडी उलटी केली, फॉलची कड डोळ्यांजवळ नेली आणि टाका टाका पुढे सरकू लागले.

“बोलू नका कुणी,” ते म्हणाले.