मिठाच्या पुड्यावर आज तारीख लिहा

बीपी वाढलंय असं कळलं की दवाखान्यातून निघताना एक वाक्य हमखास सोबत येतं: "मीठ कमी करा." किती कमी, कशातलं कमी, आत्ता किती खातोय हे मोजायचं कसं, हे कुणी सांगत नाही. मग घरी ताटातली मिठाची चिमूट बंद होते, फार तर लोणच्याची बरणी वरच्या फळीवर जाते आणि बाकी सगळं होतं तसं चालू राहतं. दोन महिन्यांनी बीपी तेवढंच. "आमच्यात ते वंशपरंपरेनेच आहे" असं म्हणून विषय मिटतो आणि मीठ बिचारं निर्दोष सुटतं.

माझं म्हणणं एकच आहे. जिभेच्या भरवशावर मीठ कमी होत नाही, ते मोजावं लागतं. ज्या जिभेला वर्षानुवर्षं जास्त मिठाची सवय आहे, तिचं "चवीपुरतं" म्हणजेच जास्त. पाककृती लिहिणाऱ्या सगळ्यांना म्हणूनच हात जोडून विनंती आहे की "मीठ चवीनुसार" लिहिणं सोडा आणि चमच्याचं माप द्या. हळद पाव चमचा, जिरं अर्धा चमचा असं नेमकं लिहिता, मग ज्याचा थेट रक्तदाबाशी संबंध आहे तेच तेवढं मोघम का?

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ अशी आहे. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि तोही दिवसभराचा मिळून. आमटी, भाजी, पोळी, लोणचं, पाव, फरसाण, बिस्किट सगळं त्यात आलं. आपल्या देशात झालेल्या वेगवेगळ्या पाहण्यांत सरासरी ८ ते ११ ग्रॅमच्या आसपास येते.

आता मोजायचं कसं? लघवीच्या तपासणीतून सोडियम काढता येतं, पण घरोघरी ते कोण करणार. त्यापेक्षा सोपं आहे. मिठाचा नवा किलोचा पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर मार्करने तारीख लिहा. संपेल त्या दिवशी पुन्हा लिहा. घरात चार मोठी माणसं असतील तर दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे पुडा ५० दिवस पुरायला हवा. पण हे गणित पोटात जाणारं सगळं मीठ त्याच पुड्यातून येतं असं धरून झालं. पाव, खारी, शेव, हॉटेलातलं जेवण यांतून दिवसाला माणशी सव्वा ग्रॅम जरी आलं, तरी घरच्या पुड्याला ६५ ते ७० दिवस टिकावं लागतं. तुमचा २५ दिवसांत संपत असेल तर माणशी १० ग्रॅम झाले, आणि त्यात फरसाण अजून धरलेलंच नाही. गुळण्या, मिठाच्या पाण्यात भाजी धुणं, वर्षाचं लोणचं घालणं यासाठी वेगळा पुडा ठेवा, नाहीतर हिशेब फसतो. लहान मूल अर्धं धरा. पाहुणे आले, चार दिवस गावाला गेलात, तर ते दिवस तारखेशेजारीच टिपून ठेवा.

मिठाने बीपी का वाढतं, तेही थोडक्यात. मिठाच्या वजनात साधारण ४० टक्के सोडियम असतं. रक्तात सोडियम वाढलं की शरीर त्याच्याबरोबर पाणी धरून ठेवतं. पाणी वाढलं की त्याच नळ्यांतून जास्त रक्त वाहायला लागतं. काही दिवस मूत्रपिंड हे सांभाळून घेतं, वर्षानुवर्षं चाललं की थकतं आणि रक्तवाहिन्या ताठर होत जातात. यात दुखत-खुपत काहीच नाही, म्हणून पन्नाशीत अचानक पक्षाघात झाला की सगळे "काल तर ठणठणीत होते" म्हणतात. मीठ दिवसाला चार-साडेचार ग्रॅमने उतरलं तर उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ५ च्या आसपास उतरतो. एका माणसाच्या बाबतीत हे थोडकं वाटेल, पण तो उतार आयुष्यभर टिकला तर हृदय आणि मेंदू दोन्हींवरचा भार कमी होतो.

आता मीठ दडलंय कुठे ते पाहू. लोणच्यापासून सुरुवात करू. किलोभर कैरीच्या फोडींना पाव किलोच्या आसपास मीठ लागतं. त्याशिवाय ते टिकतच नाही, त्यात सुगरणीचा दोष नाही. तेल-मसाला धरूनही तयार लोणच्यात शेकडा पंधरा भाग मीठ उरतं. १० ग्रॅमची खारासकट एक फोड म्हणजे दीड ग्रॅम मीठ. दोन्ही जेवणांत एकेक घेतली की दिवसाच्या वाट्यातले ३ ग्रॅम संपले. खार निथळून छोटी फोड, आणि तीही एकाच जेवणात, एवढं केलं तरी मोठा फरक पडतो. पापडात मीठ असतंच, शिवाय पापडखार असतो, आणि तोही सोडियमच. खाण्याचा सोडा तर अजिबात खारट लागत नाही, पण त्याच्या एका चमच्यात तीन ग्रॅम मिठाएवढं सोडियम असतं. ढोकळा, भजी, छोले मऊ व्हावेत म्हणून टाकलेली चिमूट हे सगळं त्यात आलं. पित्त झालं की फ्रूट सॉल्टची पुडी फोडून पिण्याची रोजची सवय असेल आणि बीपीची गोळीही चालू असेल, तर एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणं चाललंय.

ताकाचंही बघा. जेवणानंतर ग्लासभर ताक प्रकृतीला चांगलंच, पण त्यात पाव चमचा मीठ पडलं की सव्वा ग्रॅम गेलं. ताकात जिरेपूड, कोथिंबीर, किसलेलं आलं आणि चिमूटभर हिंग घाला, मिठाची आठवण निम्म्याने कमी होते. कोकणातल्या घरांत खारा बांगडा आवडीचा. तो भाजण्याआधी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून ते पाणी टाकून द्या, आणि कालवणात वरून मीठ घालू नका. सांडगी मिरची, कुरडया, मसाल्याची वाळवणं यांचंही तसंच: ती घातली की त्या दिवशी आमटीत मीठ कमी.

पाकिटातल्या खाण्याला एकच युक्ती. मागच्या तक्त्यात सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणा, तेवढे मिलिग्रॅम मीठ. शेवेच्या १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय, म्हणजे २ ग्रॅम मीठ. झटपट नूडल्सच्या एका पाकिटात मसाल्यासकट दोन ग्रॅमच्या पुढेच जातं. मुलांना द्यायचंच असेल तर मसाल्याची पुडी अर्धी वापरा आणि भाज्या भरपूर टाका.

खरी लढाई मात्र रोजच्या स्वयंपाकातली आहे. त्यासाठी वाटीची पद्धत सांगतो. सकाळी चार माणसांसाठी एका लहान वाटीत सपाट तीन चमचे मीठ काढून ठेवा. हे १५ ग्रॅम झाले. दिवसभराचा स्वयंपाक त्या वाटीतूनच. पोह्यांना अर्धा चमचा, आमटीला पाऊण, भाजीला अर्धा, कोशिंबिरीला पाव, रात्रीच्या पिठल्याला पाऊण, दुसऱ्या कोशिंबिरीला पाव. झाले तीन. कणकेत आणि भातात मीठ घालायची सवय असेल तर आधी ती सोडा. पोळी कशाबरोबर तरी खायची असते, तिला स्वतःचं मीठ लागत नाही. चमचे सगळे सारखे नसतात, म्हणून एकदा दहा सपाट चमचे मीठ काट्यावर घालून दहाने भागा आणि आपल्या चमच्याचं माप कायमचं जाणून घ्या. जाडं मीठ चमच्यात कमी मावतं, बारीक जास्त, तेव्हा मीठ बदललं की माप पुन्हा करा.

आणि इथेच सगळ्यांचं चुकतं. उत्साहात एकदम निम्मं मीठ करतात. सगळं अळणी लागतं, मुलं ताट सरकवतात, तिसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली येते आणि आधीपेक्षा जास्त मीठ पोटात जातं. आत्ताचं माप मोजा आणि दर पंधरा दिवसांनी त्यातला दहावा भाग कमी करा. एवढा फरक जिभेला कळत नाही. दोन-तीन महिन्यांत जीभ नव्या मापाला रुळते, मग हॉटेलची भाजी खारट लागायला लागते. ब्रिटनमध्ये पावातलं आणि तयार पदार्थांतलं मीठ असंच गुपचूप, टप्प्याटप्प्याने उतरवलं होतं. २००३ ते २०११ या काळात तिथलं सरासरी खाणं दिवसाला साडेनऊ ग्रॅमवरून आठच्या आसपास आलं.

दुसरी चूक, "बाबांसाठी वेगळं अळणी." असं वेगळं पातेलं महिनाभर टिकतं, मग करणारी दमते आणि खाणारा ओशाळतो. त्याच घरातल्या विशी-तिशीतल्या मुलांची बीपीची पायाभरणी तर त्याच दुसऱ्या पातेल्यातून चाललेली असते. कमी करायचं तर अख्ख्या घराचं करा.

चव कशी राखायची? आंबट आणि भाजलेलं, या दोन गोष्टी मिठाची उणीव झाकतात. आमटीत आमसूल किंवा चिंच थोडी वाढवा, भाजीवर वाढताना लिंबू पिळा, कांदा-खोबरं खमंग भाजून वाटण घाला, शेवटी लसणाची फोडणी द्या. पालेभाजीत मीठ आधी कधीच घालू नका. चिरलेली मेथी परातभर दिसते, त्या अंदाजाने मीठ पडतं आणि शिजून वाटीभर झाली की खारट होते. भाजी बसली की मगच घाला. काकडी-टोमॅटोच्या कोशिंबिरीत मीठ वाढायच्या वेळीच, कारण आधी घातलं की पाणी सुटतं, चव पाण्यात उतरते आणि पुन्हा मीठ पडतं. जवस, कारळं, तीळ यांच्या चटण्यांत मीठ निम्मं केलं तरी खमंगपणा जात नाही. नैवेद्याच्या पानात आपल्याकडे मीठ वाढत नाहीत, ही चांगली रीत रोजच्या ताटालाही लावा.

सैंधव आरोग्याला चांगलं म्हणून सढळ हाताने वापरणाऱ्यांना कळकळीने सांगतो: सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे. बीपीच्या दृष्टीने ते साधं मीठच, वर त्यात बहुधा आयोडीन नसतं. मीठ कमी खायचं, पण खायचं ते आयोडीनयुक्तच, विशेषतः घरात गरोदर बाई असेल तर.

कमी सोडियमचं मीठ मात्र खरंच कामाचं आहे. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर पाच वर्षांच्या आसपास याची चाचणी झाली, तिचा निकाल २०२१ मध्ये आला. आधी पक्षाघात झालेले किंवा साठीपुढचे बीपीवाले असे हे लोक होते. ७५ टक्के साधं आणि २५ टक्के पोटॅशियमचं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी निघालं. पण मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना त्या चाचणीत घेतलं नव्हतं, आणि कारण महत्त्वाचं आहे. मूत्रपिंड अधू असेल तर पोटॅशियम साठत जातं आणि हृदयाची लय बिघडू शकते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी गोळी चालू असेल किंवा मधुमेह जुना असेल, तर क्रिएटिनीन आणि पोटॅशियमची तपासणी करून, डॉक्टरांना विचारूनच हे मीठ घ्या. दुकानातून परस्पर आणू नका.

आणखी काही जणांना वरचं गणित जसंच्या तसं लागू नाही. ऊसतोड, बांधकाम अशी दिवसभर घाम काढणारी कामं करणारे, आणि ज्या वयस्करांचं सोडियम आधीच कमी निघालंय ते, यांनी आधी विचारावं. जुलाब-उलट्या चालू असताना मीठ तोडायचं नसतं, तेव्हा ओआरएस द्यायचं. वर्षाच्या आतल्या बाळाच्या खिमटीत मात्र मीठ नकोच. आपल्याला ती फिकी लागते, बाळाला नाही.

फरक पडतोय का हे बघायचं तर बीपी नीट मोजा. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिसरी नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटा वाढतो, बोलत राहिलं तरी वाढतो. सकाळी गोळीच्या आधी दोनदा, रात्री दोनदा, मध्ये एक-दोन मिनिटं जाऊ द्या. असं सात दिवस लिहा, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी १३५/८५ किंवा वर असेल तर ते जास्तच धरायचं. आकडे उतरलेले दिसले म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती वही आणि तारखा लिहिलेला रिकामा पुडा, दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवा, गोळी कमी करायची की नाही ते त्यांना ठरवू द्या.