‘नीट वापरला असता तर बिघडला नसता’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

टीव्हीला जोडून गेम खेळायच्या कन्सोलबद्दल मी लिहिलेल्या ‘दुरुस्त होऊन आलेला कन्सोल पुन्हा का बंद पडतो’ या लेखावर आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देते, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कोणाला म्हणायला नको:

“ताई, वस्तू नीट वापरता येत नसेल तर कंपनीच्या नावाने बोटं मोडू नयेत. माझा कन्सोल इतकी वर्षं विनातक्रार चालू आहे. टीव्हीखालच्या कपाटात कोंबला आणि धूळ पुसली नाही की असंच होणार. शंभर वस्तूंत चार-दोन खराब निघणारच, सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सचं तेच आहे. वॉरंटी वाढवा म्हणता, पण तो खर्च शेवटी किमतीत चढणार. तो आम्ही का सोसायचा? त्यापेक्षा चांगल्या कारागिराकडून चिप गरम करून घ्या, सुटाल. आणि लेख जरा आटोपशीर लिहीत जा.”

नमस्कार. प्रतिक्रिया लिहिण्याची तसदी घेतलीत, आभार.

टीकेचं मला वावडं नाही. इथे वाचकांनी याआधी माझे मुद्दे खोडून काढले आहेत, त्यावर लांबलचक वाद झाले आहेत आणि त्यातल्या काहींशी आज चांगली ओळख आहे. पण मुद्दा खोडणं वेगळं आणि पहिल्याच वाक्यात समोरच्याची अक्कल काढणं वेगळं. आपण मला ओळखत नाही. माझा कन्सोल उघड्या टेबलावर, भिंतीपासून हातभर लांब असतो असं लेखात स्पष्ट लिहिलं आहे, तरी आपण तो कपाटात कोंबून मोकळे झालात. वर ‘ताई’ म्हणून समजावलंत. लेखाखाली एखाद्या पुरुषाचं नाव असतं तर सुरुवात अशीच झाली असती का, हे आपण मनाशी एकदा विचारून बघा. मला उत्तर कळवलं नाहीत तरी चालेल.

एक गोष्ट मान्य करते. धूळ आणि हवा हा विषय मी लेखात एका ओळीत उरकला, तिथे थोडं अधिक लिहायला हवं होतं. हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या, पट्ट्यांमध्ये धूळ अडकली की हवा पुढे जात नाही, पंखा ओरडायला लागतो आणि आतलं तापमान चढतं. बंद कपाटात तीच गरम हवा पुन्हा आत ओढली जाते. तेव्हा जाळ्या साफ ठेवा, बाजूला मोकळी जागा सोडा, हे आपलं म्हणणं बरोबर आहे.

पण ‘नीट वापरता येत नसेल तर’ हे वाक्य मी सोडून देणार नाही, कारण ते मी आज पहिल्यांदा ऐकत नाही. गेमचं काडतूस (कार्ट्रिज) फुंकून बसवायचे दिवस होते तेव्हापासून मी गेम खेळते. पुढे काही वर्षं एका इलेक्ट्रॉनिक्स सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर नोकरी केली. टीव्ही यायचे, म्युझिक सिस्टिम यायच्या, कन्सोल यायचे. जॉब शीट, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीचा कागद, भरायचं काम माझं. त्या शीटवर खाली उजव्या कोपऱ्यात ग्राहकाच्या गैरवापराचा एक रकाना होता. त्यात खूण पडली की वॉरंटी गेली, भाग आणि मजुरी दोन्ही ग्राहकाच्या माथी. दोष सापडत नसला किंवा सुटा भाग शिल्लक नसला की नेमका त्याच रकान्याचा विषय निघायचा. माणूस समोर उभा, हातात बिल, घरी लहान मूल वाट बघतंय, आणि त्याला सांगायचं की साहेब, तुम्ही नीट वापरलं नाही. तेव्हा आपण जे वाक्य सहज टाईप केलंत ते कोणाच्या फायद्याचं असतं, हे मी त्या काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलं आहे. आपण पाहिलं असेल असं वाटत नाही.

आता यंत्राकडे येऊ. कन्सोलमधली ग्राफिक्सची, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारी, चिप थेट सर्किट बोर्डावर बसत नाही. सिलिकॉनचा तुकडा आधी सब्स्ट्रेट नावाच्या पातळ पाटीवर बसवतात, सोल्डरच्या, म्हणजे वितळवून जोड करायच्या धातूच्या, अगदी बारीक थेंबांवर. ती पाटी मग मुख्य बोर्डावर, सोल्डरच्या जरा मोठ्या गोळ्यांवर. चिप तापली की सगळंच प्रसरण पावतं, पण सारखं नाही. सिलिकॉन फार थोडं फुगतं, सब्स्ट्रेट त्याच्या कितीतरी पट. ही ओढाताण सोसायची कोणी, तर मधल्या थेंबांनी. कन्सोल बंद केला की सगळं थंड होऊन उलट्या दिशेला ओढलं जातं. एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहिलेली तार जशी शेवटी तुटते, तसा कधीतरी एखादा थेंब तडकतो. मग चित्रावर रेघा येतात, नाहीतर खेळता खेळता पडदा काळा होतो. बाहेरून कितीही पुसा, कपडा तिथे पोचत नाही.

हे माझ्या मनचं नाही. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स 360 हा कन्सोल नोव्हेंबर 2005 मध्ये बाजारात आला आणि थोड्याच काळात लोकांच्या कन्सोलवर तीन लाल दिवे लागायला लागले. ‘रेड रिंग ऑफ डेथ’ हे नाव त्यावरून पडलं. सुरुवातीला मायक्रोसॉफ्टही आपल्याच भाषेत बोलत होती: तीन ते पाच टक्के बिघडतात, म्हणजे नेहमीचंच. जुलै 2007 मध्ये त्याच कंपनीने या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यापायी एक अब्ज डॉलरहून जास्त खर्चाची तरतूद जाहीर केली. ग्राहकांनी धूळ पुसली नाही म्हणून कोणती कंपनी अब्ज डॉलर बाजूला काढते, ते मला सांगा. पुढे 2021 मध्ये एक्सबॉक्सच्या इतिहासावरच्या माहितीपटात त्यांच्याच हार्डवेअर विभागातल्या लोकांनी कारण कॅमेऱ्यासमोर सांगितलं. कन्सोल चालू केला की तापतो, बंद केला की गार होतो, आणि त्या ताणाने चिपच्या आतले जोड तुटत होते.

हे वाक्य आपण पुन्हा वाचावं अशी माझी विनंती आहे. चालू आणि बंद. म्हणजे खेळून झाल्यावर आठवणीने बटण बंद करणारा, वीज वाया न घालवणारा, वस्तू जपणारा जो माणूस, त्याच्याच कन्सोलमधल्या सोल्डरने हे तापणं-गार होणं जास्त वेळा सोसलं. आणि त्याच माणसाला आपण सांगता की तुला वापरता येत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याला.

पुढचं बघा. 2007 पासून या कन्सोलच्या बोर्डाच्या आवृत्त्या बदलत गेल्या, चिपा लहान आणि कमी तापणाऱ्या झाल्या, आणि 2010 च्या बारीक मॉडेलमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपमध्ये आले. नव्या बोर्डांबरोबर या बिघाडाची साथही ओसरत गेली. मधल्या काळात लोकांची कपाटं बदलली नव्हती, घरातली धूळही कमी झाली नव्हती. बदललं होतं ते आतलं डिझाइन.

आता माझ्या कन्सोलचं. कंपनीचं नाव मी लेखात घेतलं नव्हतं, इथेही घेणार नाही, कारण ती तक्रार अजून चालू आहे. जड गेम लावला की थोड्या वेळाने पंखा वाढायचा आणि पडदा काळा. वॉरंटीत पाठवला. परत आला तो ‘तपासणीत दोष आढळला नाही’ असं लिहिलेल्या कागदासह. घरी लावला आणि ये रे माझ्या मागल्या. पुढच्या वेळी मी काउंटरवर हट्ट धरला की माझ्यासमोर चालवून दाखवा. तंत्रज्ञाने कन्सोल चालू केला, मुख्य मेनू आला, त्याने बाण इकडून तिकडे फिरवले आणि म्हणाला, बघा, चालतोय. मेनूवर चिपला काम ते काय असतं? मी माझी डिस्क पुढे केली, तोच गेम लावायला सांगितला. आम्ही दोघंही उभे राहून बघत होतो. पंख्याचा आवाज चढला, चित्र गोठलं, पडदा काळा झाला. त्याने माझ्याकडे न बघता कागद ओढून घेतला आणि आधीचा शेरा खोडला.

यानंतर जो कन्सोल परत आला तो माझा नव्हता. मागच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर वेगळा, डाव्या कडेला कुणा दुसऱ्याच्या हातून पडलेला ओरखडा. म्हणजे कुणाचा तरी बिघडलेला, दुरुस्त केलेला कन्सोल माझ्या पदरात पडला होता, त्याच मॉडेलचा, त्याच बोर्डाचा. आतले सगळे सेव्ह, म्हणजे गेममध्ये कुठवर पोचले त्याच्या नोंदी, गेले, कारण स्टोरेज गेलं ते माझ्या जुन्या बोर्डाबरोबर. आणि काही काळाने तोही तसाच काळा पडला. दोन वेगळ्या घरांतून आलेली दोन यंत्रं एकाच पद्धतीने मरतात, तेव्हा दोष घराचा की यंत्राचा? लेखात माझी मागणी एवढीच होती की एकाच मॉडेलमध्ये तोच बिघाड पुन्हा झाला तर दुरुस्ती म्हणून तोच बोर्ड माथी मारू नये, सुधारित बोर्ड द्यावा नाहीतर पैसे परत करावेत, आणि काय बदललं ते जॉब शीटवर लेखी द्यावं. यात बोटं मोडणं कुठे आलं?

कंट्रोलरच्या, म्हणजे हातात धरून खेळायच्या साधनाच्या, ड्रिफ्टबद्दलही आपण बहुधा हेच म्हणाल, म्हणून आधीच सांगते. बऱ्याच कंट्रोलरच्या स्टिकखाली, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या दांडीखाली, कार्बनचा पट्टा असतो आणि त्यावर धातूची बारीक पाती घासत फिरते. पट्टा झिजला की स्टिक सोडून दिली तरी पात्र आपोआप चालायला लागतं. झीज व्हायचीच, कारण रचनाच घासण्याची आहे. चुंबकाच्या साहाय्याने, घर्षणाविना स्टिकची जागा ओळखायची पद्धत सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट कन्सोलमध्ये 1998 सालीच होती, म्हणजे हे कुणाला जमत नाही असंही नाही. निन्टेन्डो स्विच या कन्सोलच्या जॉय-कॉन कंट्रोलरवरून इतका ओरडा झाला की जून 2020 मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी भागधारकांच्या सभेत दिलगिरी व्यक्त केली, आणि 2023 मध्ये युरोपात वॉरंटी संपलेल्या जॉय-कॉनचीही दुरुस्ती मोफत करायचं कंपनीने मान्य केलं. तिथल्या ग्राहक संघटना भांडल्या म्हणून हे झालं. त्यांनाही कुणीतरी ‘हळू खेळा’ असं सांगितलंच असेल.

कारागिराकडून चिप गरम करून घेण्याचा सल्ला मात्र कृपा करून आणखी कुणाला देऊ नका. बाहेरच्या कारागिरांना माझा विरोध नाही, उलट त्यांच्यात फार गुणी माणसं आहेत. ‘हे स्टिकर फाडलं तर वॉरंटी रद्द’ या धमकीबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, 2018 मध्ये सहा कंपन्यांना पत्रं पाठवली, त्यांत सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो तिन्ही होत्या, याचा मला आनंदच झाला होता. पण हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र, चिपवर धरणं ही दुरुस्ती नाही. बोर्डावरचं बिनशिशाचं सोल्डर वितळायला 217 अंश सेल्सियसच्या आसपास तापमान लागतं. हीट गनने ते सगळीकडे सारखं पोचत नाही, बोर्ड वाकतो, शेजारचे कपॅसिटर भाजून निघतात. आणि तडा चिपच्या आतल्या थेंबात असेल तर उष्णतेने तो तात्पुरता टेकतो, कन्सोल चालू होतो, गिऱ्हाईक पैसे देऊन खुशीत घरी जातं आणि काही आठवड्यांत पहिले पाढे पंचावन्न. अशा वेळी बदलावी लागते ती चिप. शिवाय वॉरंटी शिल्लक असताना हे केलंत तर कंपनीच्या हातात आयतं कोलीत दिलंत.

किमतीच्या मुद्द्यावर मी वेळ घालवणार नाही. ज्याचा कन्सोल धडधाकट आहे त्याला इतरांची वॉरंटी महाग वाटणारच. शंभरात चार-दोनचं उत्तर वर आलं आहे. लेखाच्या लांबीचं म्हणाल, तर आटोपशीर लिहिलं की लोक कपाटाचा अंदाज बांधतात, म्हणून हे उत्तरही लांबच लिहिलं आहे.

राहिला तुमचा विनातक्रार चालणारा कन्सोल. चालू दे, मला त्यात वाईट वाटायचं कारण नाही. पण एक कन्सोल चालतो यावरून लाखोंचा न्याय करता येत नाही, आणि तो कोणत्या बोर्डाचा आहे हे कळल्याशिवाय तुमच्या काळजीचं श्रेय तुम्हाला द्यायला मी तयार नाही. पहिल्या खेपेचा माल घेतलात की बोर्ड सुधारल्यानंतरचा, यावरच सगळं अवलंबून असतं. मॉडेल क्रमांक मागच्या किंवा खालच्या स्टिकरवर छापलेला असतो, बहुतेक वेळा बनावटीची तारीखही तिथेच सापडते. दोन्ही इथे लिहा. सीरियल नंबर मात्र लिहू नका, तो सार्वजनिक करायचा नसतो.