आतून आलेल्या गझलेला हात लावू नका

ऑनलाइन काव्यसमूहावर रात्री बाराला विषय पडतो, पहाटे पहिली रचना हजर असते आणि रात्री नऊपर्यंत ग्राफिक्ससह प्रमाणपत्रंही वाटून होतात. सर्वोत्कृष्ट, उत्कृष्ट, प्रथम, लक्षवेधी, उत्तेजनार्थ. परवाच्या उपक्रमाचा काव्यप्रकार होता गझल. त्यात जे काही वाचावं लागलं, ते पाहता नव्या सहभागींना चार युक्तीच्या गोष्टी सांगणं भाग आहे.

विषय 'पाऊस' असेल तर सर्वांत आधी सुचलेले शब्द जिवापाड जपा. चिंब, मृद्गंध, सरीवर सरी, चातक. काही विघ्नसंतोषी मंडळी याच शब्दांची आधी यादी करतात, तिच्यावर काट मारतात आणि मग उरलेल्या पावसावर लिहायला बसतात. त्यांच्या कवितेत गळकं छप्पर, न वाळलेला गणवेश, दोन स्टेशनांच्या मध्ये अडकलेली लोकल असलं काहीबाही येतं. त्यांना कधी 'लक्षवेधी' मिळालेलं पाहिलंय?

हायकू हवा असेल तर एक वाक्य घ्या आणि दोनदा एंटर दाबा.

शेवटी विठ्ठल आला की अभंग झाला. तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला, ही तुकोबांची वैयक्तिक आवड होती.

सुनीत म्हणजे चौदा ओळी. आठव्या ओळीनंतर विचाराला कलाटणी द्यायची असते म्हणतात, पण तोवर वाचतंय कोण?

आता गझल. दोन-दोन ओळी सोडून लिहा, प्रत्येक जोडीच्या शेवटी 'तू' आणा, वर 'गझल' असा मथळा द्या. मतला (गझलेचा पहिला शेर, म्हणजे पहिली दोन ओळींची जोडी), काफिया (यमकाचा शब्द), अलामत (काफियात कायम राहणारा स्वर) वगैरे विचारणारे लोक जळतात तुमच्यावर. सुरेश भटांनी नवशिक्यांसाठीच 'गझलेची बाराखडी' लिहून ठेवली, ती एका बैठकीत वाचून होते, म्हणून तर ती टाळायची. माधवराव पटवर्धनांच्या 'छंदोरचना'च्या वाटेला तर चुकूनही जाऊ नका, तिथे वृत्तांची मापं आयती मांडून ठेवलीत.

समजा, तुम्हाला ओळ सुचली: 'मला एकट्याला कुठे सोडले तू'. नशिबाने ती भुजंगप्रयात वृत्तात बसली. लगागा (ल म्हणजे लघू, एक मात्रा; गा म्हणजे गुरू, दोन मात्रा) चार वेळा, 12 अक्षरं, 20 मात्रा. ('एकट्या'तला 'क' लघूच, पुढे जोडाक्षर असलं तरी; 'तुझ्या'तला 'तु'ही तसाच. 'सर्व'मधला 'स' मात्र गुरू. आघात कुठे पडतो ते तोंडाने म्हटलं की कळतं, पण म्हणायचं कशाला?) दुसरी ओळ जोडलीत: 'जुने सर्व धागे कसे तोडले तू'. तीही बसली. इथवर अभिनंदन. 'तू' झाला रदीफ (काफियानंतर दर वेळी तसाच येणारा शब्द), 'सोडले-तोडले' झाले काफिये. म्हणजे 'ओडले' एवढं सगळं तुम्ही स्वतःच्या हाताने बांधून घेतलंत. आता पुढच्या शेरांत जोडले, मोडले, फोडले, खोडले यांखेरीज काही चालणार नाही. पण तिसऱ्या शेरात तुम्ही खुशाल लिहिता, 'दिलेले कधी पत्र ना वाचले तू'. आणि चौथ्यात 'मला आरशातून का पाहिले तू'. वृत्त ठीक, काफिया गेला! पुढे उत्साहाच्या भरात एका ओळीत 'आज' घुसवता, 20 च्या 23 मात्रा होतात, आणि वर सांगता, 'चालीत बसतं.' चालीत रेल्वेचं वेळापत्रकसुद्धा बसतं हो!

आणि हे दुरुस्त करायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं. मतल्यातली एक ओळ बदलायची. 'कुणाचे असे काय गं ऐकले तू'. आता 'सोडले' आणि 'ऐकले' यांत समान उरलं फक्त 'ले' आणि त्याच्या आधीच्या अक्षरातला 'अ'. तोच 'अ' म्हणजे अलामत. काफिया मोकळा झाला. वाचले, टाळले, मांडले, सगळे आत आले. 'पाहिले' तरीही बाहेरच, कारण 'हि'मध्ये 'इ' आहे. मग दुसऱ्या दिवशी ओळ पुन्हा वाचायची. 'काय गं' भरीचं आहे, मात्रा भरायला आणलंय, हे तेव्हा दिसतं. ते काढायचं: 'कुणाचे असे बोलणे ऐकले तू'. माप तेच, ओळ सरळ झाली. पुनर्लेखन म्हणतात ते एवढंच असतं. पेन्सिल लागते आणि लाज लागते.

पण नाही. हे कुणी सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं: 'सर, कविता आतून आलीये, बदलली तर भावना मरेल.' परवा हेच उत्तर मिळालं, खाली हात जोडलेले तीन इमोजी. अहो, कसली भावना? 'सोडले' लिहिताना जी होती ती 'ऐकले' लिहिताना कुठे जाते? जी भावना एका काफियाने मरते ती मुळात होती का? आतून तर ढेकरही येते, तिला कुणी उत्तेजनार्थ देत नाही!

आणि परीक्षकांनो, तुम्हीही ऐका. 'भावस्पर्शी, अप्रतिम, लिहीत राहा' हा एकच अभिप्राय पन्नास जणांना चिकटवता, तेव्हा त्या पन्नासांपैकी ज्या दोघांना खरंच शिकायचं असतं त्यांचं तुम्ही वाटोळं करता. विषय देणं सोपं आहे. दुसऱ्या दिवशी त्याच रचना परत मागवा. 'नवा विषय नाही, कालचीच गझल दुरुस्त करून पाठवा' असा उपक्रम एकदा लावून बघा, किती जण उरतात ते. मोजणं येत नसेल तर लाज नाही, आठवड्याभरात येतं. पण येत नाही, शिकायचं नाही, आणि नावापुढे 'गझलकारा' लावून प्रातिनिधिक संग्रहाला सहभाग शुल्क भरायचं, हा शुद्ध निर्लज्जपणा आहे.

यापुढे 'जरा नजरेखालून घाला' म्हणून काही पाठवायचं असेल, तर प्रत्येक ओळीखाली तिचा लगक्रम (लघू-गुरूंचा क्रम) लिहून पाठवा आणि मतल्यातल्या काफियाखाली रेघ मारा. तेवढं केलेलं नसेल तर मी फाइल उघडणार नाही.