माझ्या दारावरची केराची पाटी

जर्मनीत श्टुटगार्टला आले त्या आठवड्यात माझ्या दाराला बाहेरून एक लाकडी पाटी लटकवलेली दिसली. आधीच्या भाडेकरूचं काहीतरी राहिलं असेल म्हणून मी ती काढून आत ठेवून दिली. शनिवारी संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या आजी दारात हजर. पाटीवर लिहिलं होतं 'केरवोखे'. वोखे म्हणजे आठवडा आणि केर म्हणजे, काय सांगू, जवळजवळ आपला केरच! या आठवड्यात जिना झाडायची-पुसायची पाळी माझी. मग पाटी शेजारच्या दाराला.

झाडलं, पुसलं. आजींनी माझ्याच दारातलं पायपुसणं उचलून खालची वाळू दाखवली. "हे राहिलं." मग कुतूहलानं विचारलं, "भारतात तुमच्याकडे हे कोण करतं?"
"एक बाई येतात."
"आठवड्यातून एकदा?"
"रोज."
आजी जरा मागे सरकल्या. "म्हणजे तुम्ही बरेच श्रीमंत आहात."

माझे बाबा एसटीत क्लार्क होते.

ही गोष्ट अनेक वर्षं मी विनोद म्हणून सांगायचे. परदेशी जाऊ पाहणारी पुण्याची मुलं इनबॉक्समध्ये एकच विचारतात: "ताई, इतके युरो म्हणजे चांगला पगार आहे ना?" तेव्हा आता मी हीच गोष्ट सांगते. युरो गुणिले रुपये हा हिशोब सगळ्यांनीच केलाय, मीही केलाय. पहिले सहा महिने दुकानात कोथिंबिरीच्या जुडीला हात लावून परत ठेवायचे. पण त्या गुणाकारातून देश कळत नाही. मला तो कळला तो एवढ्यावरून, की इथे वस्तू स्वस्त आहे आणि माणसाचा तास महाग.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. एका रविवारी कचरा टाकायला खाली गेले आणि मागे दार ओढलं गेलं. इथल्या घरांच्या दारांना बाहेरून बहुतेक वेळा नुसती मूठ असते, फिरवून उघडत नाही. किल्ली आत, फोन सुदैवानं हातात. कुलूपवाला आला, दाराच्या फटीत पत्र्याची पट्टी सरकवली, दोन मिनिटांत दार उघडलं. बिल 280 युरो. म्हणजे तेव्हाचे बावीस हजार रुपये! रविवारचा जादा आकार, येण्या-जाण्याचे पैसे, वर कर. नंतर ऑफिसात कळलं की त्यानं मला चांगलंच लुटलं होतं, आधी फोनवर भाव पक्का करायचा असतो. तरी "रास्त किती?" विचारल्यावर जो आकडा कळला, त्यानंही माझा घसा कोरडाच पडला.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. फर्निचर सुट्या फळ्यांचं का येतं आणि ते जोडायला शनिवार का जातो. भाड्याच्या रिकाम्या घरात ओटा आणि सिंकसुद्धा का नसतं (आधीचा भाडेकरू उचकटून घेऊन गेलेला असतो, हे मात्र मला अजून पटलेलं नाही). रविवारी दुकानं बंद का, तर काउंटरवरच्या बाईलाही रविवार असतो. आपल्याकडे शटर अर्धं ओढलेलं असलं तरी "दादा, एक दूध पिशवी" म्हणता येतं. इथे संध्याकाळी वेळ संपली की संपली.

पगाराची स्लिपही याच नजरेनं वाचावी. वरचा आकडा बघून घरी पेढे वाटू नका, खालचा बघा. आरोग्य विम्याला मूळ 14.6 टक्के, पेन्शनला 18.6 टक्के, दोन्हींत अर्धा वाटा कंपनीचा, अर्धा तुमचा, शिवाय आयकर. कापलेलं कुठे जातं ते कळायला आजारी पडावं लागतं. माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा दवाखान्यातल्या दिवसाचे दहा युरो सोडून खिशातून काही गेलं नाही.

आणि हाताच्या कामाला मान. माझा सहकारी पीएचडी झालेला इंजिनिअर. त्याचा मुलगा सुतारकामाची तीन वर्षांची 'आउसबिल्डुंग' करतोय, काम शिकताना पगारही घेतोय. बाप हे ज्या सुरात सांगतो, त्या सुरात आपल्याकडे आयआयटीचा नंबर सांगतात.

पण आरती ओवाळायला मी हे लिहीत नाहीये. इथेही स्वस्त हात लागतातच, फक्त ते बाहेरून आणले जातात. 1955 ला इटलीशी, 1961 ला तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले. आज वसंतात सगळा देश ज्या पांढऱ्या शतावरीसाठी (औषधी नव्हे, भाजीची, अ‍ॅस्परॅगस) वेडा होतो, ती शेतात वाकून खणतात रोमानिया-पोलंडकडची माणसं. आणि बर्फात सायकलवरून पिझ्झा आणून देणारा मुलगा मला दारात "ताई, मराठी का?" विचारतो. किमान वेतनाचा सर्वसाधारण कायदा या श्रीमंत देशात आला तो थेट 2015 मध्ये, तासाला साडेआठ युरो.

2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं आमच्या याच राज्याशी, बाडेन-वुर्टेमबर्गशी, कुशल कामगार पाठवायचा करार केला. इलेक्ट्रिशियन, नर्स, ड्रायव्हर. माझं मत विचाराल तर जरूर या. पण भाषा नीट शिकून या, नाहीतर हातात कसब असून शतावरीच्या रांगेत उभे राहाल.

गेल्या दिवाळीत कोथरूडला होते. मावशी भांडी घासत होत्या, मी ओट्याशी चहा घेत उभी. "तिकडं भांड्याला बाई मिळते का गं?" मी म्हटलं, मिळते, पण परवडत नाही. "किती घेते?" तेव्हाचं किमान वेतन 12.82 युरो. मनातल्या मनात गुणाकार केला, सवय जात नाही. "कमीत कमी तेराशे रुपये."

आईही त्यांना भांड्यांचे तेराशेच देते. मावशी म्हणाल्या, "मग आपल्यासारखंच की. महिन्याला ना?"

"नाही मावशी. तासाला."

त्यांनी नळ बंद केला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा सुरू केला. मी बाहेर आले तर आई दारातच उभी होती. हळू आवाजात म्हणाली, "हे तिला कशाला सांगत बसलीस?"